दुकान सांभाळून संकल्प: आधी आठवड्याचे १६८ तास मोजा



डिसेंबर संपत आला की प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "सर, नवीन वर्षाचे गोल कसे ठरवायचे?" आणि वहीत आधीच लिहून आणलेलं असतं: वजन कमी, इंग्लिश, दुसरी शाखा, फॅमिलीला वेळ, पहाटे ५ ला उठणे. नोकरी करणाऱ्याची यादी जशीच्या तशी उचललेली! त्याला रविवार असतो. आपल्याला रविवारीच जास्त गिऱ्हाईक.

म्हणून आधी तास मोजू. आठवड्याचे १६८. सकाळी ९ ला शटर वर, रात्री साडेनऊला खाली, म्हणजे रोज साडेबारा तास. साप्ताहिक सुट्टी नसेल तर ८७.५. झोप रोज ७ तास धरली तर ४९. आंघोळ, जेवण, ये-जा यात रोजचे ३, म्हणजे २१. उरले किती? साडेदहा. रोजचा दीड तास, आणि त्यातच मोबाईल. यात पाच संकल्प कसे बसणार? दोन बसले तरी खूप झाले.

मग कुठले दोन? इथे लोक अडकतात, कारण सगळंच महत्त्वाचं वाटतं. मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: हे काम वर्षभर पुढे ढकललं तर काय होईल? दुसरी शाखा पुढच्या वर्षी निघाली तर भाडं थोडं वाढेल, बस. पण मुलीची दहावी यंदाच आहे, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होणारच. वडिलांचा गुडघा, तुमची स्वतःची वाढलेली शुगर, ही कामंही तुमची सवड बघत नाहीत. अशी थांबू न शकणारी कामं यादीत वर. आणि यादी एकट्याने करू नका. आमच्या बॅचमधल्या एका दुकानदाराने फॅमिलीसाठी महाबळेश्वरची ट्रिप लिहिली होती. घरी विचारलं तर बायको म्हणाली, "ट्रिप राहू दे, गुरुवारी तरी साडेआठला जेवायला घरी या." बिनखर्चाचा गोल, पण अवघड!

त्यांनी बिलिंग सॉफ्टवेअरमधून गुरुवारी रात्री आठनंतरची बिलं काढली. सरासरी चार-पाच. महिन्याचा तोटा किती हे डोळ्यांसमोर आलं, आणि तो परवडणारा होता. अंदाजाने "संध्याकाळचा धंदा बुडेल" म्हणत बसण्यापेक्षा हे बरं. (पुण्यातल्या १ ते ४ बंद दुकानांना आपण हसतो खरं, पण दुपारची गिऱ्हाइकी मोजून बघा एकदा.)

आता पैशाचं. समजा वर्षाला १,२०,००० रुपये मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढायचेत. महिन्याला १०,०००. सगळा खर्च जाऊन हातात १० टक्के राहत असतील, तर महिन्याची विक्री १ लाखाने वाढायला हवी. दुकान २६ दिवस उघडं धरा, रोज साधारण ३,८५० रुपये जास्त. सरासरी बिल २५० चं असेल तर रोज १५-१६ बिलं वाढली पाहिजेत. आज दिवसाला ४० बिलं होणाऱ्या दुकानात एका वर्षात हे? मला नाही वाटत. तीच रक्कम दोन वर्षांत जमवायची म्हटलं की रोज आठ बिलं. आता यावर काम करता येतं. घरखर्चासाठी गल्ल्यातून लागेल तसं उचलत असाल तर मात्र हा हिशोब जमणारच नाही. स्वतःला महिन्याचा ठरावीक पगार लावून घ्या, एक तारखेलाच.

राहिला मुहूर्त. १ जानेवारीचा हट्ट कशाला? माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाच्या वाणांची गर्दी असते, तेव्हा डोकं वर काढायला वेळ नसतो. मार्चमध्ये स्टॉक मोजणी, जूनमध्ये शाळा. कपड्यांच्या दुकानाला लग्नसराई, मिठाईवाल्याला गणपती-दिवाळी. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांना ११ आणि २० तारीखही आहेच. कॅलेंडर घ्या, आपल्या धंद्याचे गर्दीचे आठवडे लाल पेनाने रंगवा. त्या आठवड्यांत नवीन काही सुरू करायचं नाही, चालू असलेलं निम्म्यावर आणलं तरी चालेल. रोज ४० मिनिटं चालत असाल तर २०.

हे कॅलेंडर घरात फ्रिजवर लावा, दुकानात नको. वाणांचा धंदा असेल तर पहिला आढावा रथसप्तमी झाल्यावर घ्या, बाकीच्यांनी जानेवारीअखेर. दुसरा गुढीपाडव्याला, घरच्यांसोबत बसून.