तीनशे पन्नास की पाचशे?

सीसी म्हणजे काय हे कळलं की गाडी निवडणं सोपं होतं, असं वाटतं. आपण एक जोडी घेऊन बघू: रॉयल एनफिल्डची जुनी, कार्बोरेटरवाली क्लासिक ३५० आणि क्लासिक ५००. पाचशे २०२० मध्ये बंद झाली, पण सेकंडहँड बाजारात दोघी अजून शेजारी उभ्या असतात. आणि "थोडे पैसे घालून मोठीच घ्या की" म्हणणारा कुणीतरी भेटतोच.

दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ९० मिलिमीटर. फरक आहे तो बोअरमध्ये, सिलिंडरच्या व्यासात: ७० आणि ८४. वाढ नुसती १४ मिलिमीटरची, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणून ३४६ सीसीचे थेट ४९९ होतात. टॉर्क २८ न्यूटन मीटरवरून ४१ वर जातो. हा जोर कळतो कधी? मागे माणूस, बाजूला सामान, समोर खंबाटकीचा चढ आणि ट्रकला ओलांडायचंय, तेव्हा.

पण एकाच सिलिंडरात एवढा रुंद पिस्टन धावला की हादरेही मोठेच. उन्हात सिग्नलला थांबलात तर पोटऱ्या भाजतात. शिवाय थर्ड पार्टी विम्याची रेघ नेमकी ३५० सीसीवर आहे: २०२२ च्या दरांनुसार अलीकडे १,३६६ रुपये, पलीकडे २,८०४. वर जीएसटी वेगळा!

रोज स्वारगेट ते हिंजवडी करणाऱ्याने, आमच्या मते, तीनशे पन्नासच घ्यावी. पाचशेवर जीव जडलाच असेल तर आधी दोघं बसून एक घाट चढून या, आणि तिच्या फ्युएल इंजेक्शनचं काम जाणणारा मेकॅनिक जवळपास आहे का, तेही विचारून ठेवा.