लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर…

गेल्या पावसाळ्यात पस्तिशीची एक बाई आमच्या मेडिसिनच्या ओपीडीत आली. आली म्हणजे नवऱ्याने आणि भावाने दोन्ही दंडांना धरून आणली. ‘‘डॉक्टर, हिनं जन्मात कधी दारू बघितली नाही, पण चालते कशी ते बघा,’’ नवरा म्हणाला. तिला एकाची दोन माणसे दिसत होती, बुबुळे थरथरत होती आणि आज वार कोणता हे सांगता येत नव्हते. डोक्याचा सीटी स्कॅन करून आणला होता, त्यात काही सापडले नव्हते. पिशवीतले कागद चाळताना खाली एक डिस्चार्ज कार्ड मिळाले. सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या शहरात तिची लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली होती. हे कोणी आपणहून सांगितले नव्हते. पोटाच्या ऑपरेशनचा डोळ्यांशी काय संबंध, असे त्यांना वाटले, आणि त्यात त्यांची चूक नाही.

तिची शस्त्रक्रिया ‘स्लीव्ह’ प्रकारची होती. तीत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी एक नळी उरते. सुरुवातीला तिच्यात १०० ते १५० मिलिलिटरच मावते, म्हणजे चहाचा एक कप. भूक लावणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. तोच गेल्यामुळे भूकही मंदावते. दुसऱ्या, ‘बायपास’ प्रकारात जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याला बऱ्याच पुढे जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया चांगल्या आहेत. योग्य रुग्णाचा मधुमेह आटोक्यात येतो, रक्तदाब उतरतो, झोपेत श्वास अडकणे थांबते. मी स्वतः रुग्णांना त्यासाठी सर्जनकडे पाठवतो. पण ऑपरेशन दोन-तीन तासांत संपते आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. खरे काम तिथून पुढे सुरू होते, आणि ते स्वयंपाकघरात होते.

घरी आल्यावर साधारण दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचे असते: ताक, दूध, वरणाचे गाळलेले पाणी, प्रथिनांची पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, तेही काही घासच. सर्जनगणिक यात थोडा फरक असतो. या बाईच्या सासूबाईंनी चौथ्या आठवड्यात तिला पोळीभाजी वाढली. ‘‘नुसत्या पाण्यावर पोर किती दिवस राहील?’’ हा त्यांचा प्रश्न. मी त्यांना दोष देत नाही. आहाराचा सगळा तक्ता इंग्रजीत छापलेला होता आणि घरात स्वयंपाक त्याच करत होत्या. ज्या घरात रुग्ण जाणार त्या घराच्या भाषेत दोन पाने छापायला कितीसा खर्च येतो?

पोळी अडकली, उलट्या सुरू झाल्या. दोन आठवडे खाल्लेले काहीच टिकेना. अशक्तपणा आला म्हणून जवळच्या दवाखान्यात तीन दिवस ग्लुकोजचे सलाइन लावले. त्यानंतर ती जास्तच बिघडली.

कारण असे. बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा अगदी तुटपुंजा, दोन-तीन आठवड्यांपुरता असतो. मेंदूला ग्लुकोज वापरण्यासाठी ते लागतेच. साठा संपत आलेला असताना शिरेतून नुसते ग्लुकोज दिले, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. मग डोळे, तोल आणि स्मृती सांभाळणारे मेंदूचे भाग बिघडतात. हा आजार आम्ही एरवी दारूच्या आहारी गेलेल्यांमध्ये पाहतो. नवऱ्याची उपमा नकळत अचूक होती. उपचार स्वस्त आहे: थायमिनचे इंजेक्शन, आणि ते ग्लुकोजच्या आधी. उशीर झाला तर मात्र स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी बसू नये. जठराची नळी कुठे अरुंद झाली आहे का, हे दुर्बिणीने पाहावे लागते. आणि कोणत्याही दवाखान्यात सलाइन लावण्याआधी ‘माझी जठराची शस्त्रक्रिया झाली आहे, आधी बी-१ द्या’ हे स्पष्ट सांगावे.

बी-१२ ची गोष्ट उलटी आहे. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षे पुरतो, त्यामुळे फटका उशिरा बसतो, तोवर रुग्ण सगळे विसरलेला असतो. बायपासला अडीच वर्षे झालेले एक गृहस्थ आले होते. अंगाने सडपातळ, चेहऱ्यावर समाधान; तक्रार एवढीच की चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. गोळ्या? ‘‘वजन उतरलं, आता गोळ्या कशाला?’’ त्यात ते शुद्ध शाकाहारी. आपल्याकडे शाकाहारी माणसाचे बी-१२ शस्त्रक्रियेआधीच अनेकदा कमी असते. जठर लहान झाल्यावर ते शोषायला लागणारे आम्ल आणि प्रथिन दोन्ही कमी पडतात. लोह आणि कॅल्शियमचेही तसेच, विशेषतः बायपासमध्ये, कारण ते जिथे शोषले जातात तो आतड्याचा भागच वगळलेला असतो. म्हणून या गोळ्या जन्मभराच्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत; लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी आणि नंतर दर वर्षी रक्त तपासावे.

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. पोटात कपभरच मावत असेल तर ताटातला पहिला घास प्रथिनांचा हवा; भात उरला तर उरू द्यावा. उपासाच्या दिवशी साबुदाण्याने जागा भरली, तर हाती काही लागत नाही. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने, घोट घोट. बायपासनंतर गोड खाल्ले की काहींना अर्ध्या तासात घाम फुटतो, धडधडते, पोटात कळ येऊन जुलाब होतात. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने भरवलेल्या एका गुलाबजामावर भरवणारे आणि खाणारे दोघेही घाबरल्याचे मी पाहिले आहे.

मधुमेहींनी एक ध्यानात ठेवावे. वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांतच, साखर खाली येते. जुन्याच मात्रेत इन्सुलिन चालू ठेवले तर ती धोकादायक पातळीवर घसरते. पण औषध आपल्या मनाने बंदही करू नये. घरी ग्लुकोमीटरवर मोजून डॉक्टरांना फोन करावा. अंगदुखीसाठी दुकानातून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये, विशेषतः बायपासनंतर जोडावर अल्सर होतो. दारू लवकर आणि जास्त चढते. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. मूल व्हावे म्हणून वजन उतरवणाऱ्या तरुणींनी १२ ते १८ महिने थांबावे. पाळी नियमित झाल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते, त्यामुळे संततिनियमनाचे आधीच ठरवावे.

वजन साधारण दीड वर्ष उतरते, मग थांबते आणि काहींचे थोडे परत वाढते. त्या वाढलेल्या चार किलोंची लाज वाटून रुग्ण तपासणीला येणे बंद करतात. खरे तर त्याच सुमारास आम्हाला ते दिसायला हवेत.

त्या बाईचे डोळे इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी बरेचसे सुधारले. नळी अरुंद झालेली नव्हती. चालणे सुधारायला चार महिने लागले आणि अजूनही जिना उतरताना ती कठडा धरते. मागच्या भेटीत सासूबाई सोबत होत्या. नातवाच्या वहीच्या पानावर मोठ्या मराठी अक्षरांत त्यांनी आहाराचा तक्ता लिहून घेतला होता आणि त्यात मुगाचे धिरडे बसते का, हे विचारायला त्या आल्या होत्या. बसते, मी म्हणालो, पण एकच, आणि सावकाश चावून.