भरलेली ट्रॉली आणि घाटाचा उतार

देवास-इंदूरकडून निमाडात उतरताना धार जिल्ह्यात गणपती घाट लागतो. ब्रेक निकामी होऊन तेथे पुष्कळ बळी गेले. २०२४ मध्ये उतरणाऱ्या वाहनांसाठी निराळा रस्ता झाला. तरी उतार तो उतारच.

शेतकरी बंधूंनो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर तिचा सारा भार ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास तापतात व पकड सोडतात. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनच वेग आवरते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये. दोन्ही ब्रेक-पेडल कडीने जोडावेत, नाहीतर एकच चाक अडून ट्रॉली आडवी होते. भार बेताचाच भरावा. एक खेप वाढेल, पण माणूस घरी येईल.