पहिली सोनोग्राफी आणि सात दिवसांचा सब्र

आयव्हीएफनंतर रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली की घरभर ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हटले जाते. मग पहिली सोनोग्राफी होते आणि डॉक्टर सांगतात, ‘सॅक दिसते, ठोके दिसत नाहीत. आठवड्याने पुन्हा या.’ वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या जोडप्याच्या पायाखालची जमीन सरकते. सासूबाई विचारतात, ‘सगळं ठीक आहे ना?’ अशा वेळी खरे उत्तर बहुधा एवढेच असते : अजून सांगता येत नाही.

आधी दिवस नीट मोजा. पाच दिवसांचा गर्भ आत सोडला असेल, तर त्या दिवशी गर्भारपणाचे २ आठवडे ५ दिवस धरतात. म्हणजे त्यानंतर २३व्या दिवशी ६ आठवडे पूर्ण होतात. आतून केलेल्या सोनोग्राफीत साधारण ५ आठवड्यांना सॅक, म्हणजे गर्भाभोवतीची थैली, दिसते. साडेपाचच्या सुमारास गर्भाचे सुरुवातीचे पोषण करणारी योक सॅक आणि ६ ते साडेसहा आठवड्यांत इवलासा गर्भ व त्याचे ठोके दिसतात. चार दिवस लवकर तपासले तर ठोके न दिसणे स्वाभाविक आहे.

मात्र आयव्हीएफमध्ये तारीख पक्की असते. त्यामुळे वाढ बरीच मागे असेल तर डॉक्टर ते गांभीर्याने घेतात. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असून ठोके नसतील, अथवा सॅकचे सरासरी माप २५ मिलिमीटर किंवा अधिक असून आत गर्भ नसेल, तर गर्भ वाढणार नाही असे मानतात. माप याहून कमी असेल तर घाईने निर्णय घेऊ नये. सहसा ७ ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी होते.

तोवर प्रोजेस्टेरॉनची औषधे मनाने बंद करू नका. एका बाजूला तीव्र वेदना, चक्कर, खांदेदुखी किंवा जास्त रक्तस्राव झाला तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठा. गर्भ नळीत रुजला असण्याची शक्यता असते आणि त्यात जिवाला धोका असतो.

आतल्या तपासणीचा संकोच वाटत असेल तर महिला डॉक्टर मिळतील का, हे आधीच विचारा. त्या तपासणीने गर्भाला इजा होत नाही.

आणि घरच्यांनो, दुर्दैवाने गर्भ टिकला नाही तर ‘काय उचललंस, काय खाल्लंस’ असे सुनेला विचारू नका. सुरुवातीच्या गर्भपातामागे बहुधा गुणसूत्रांतील दोष असतो, तिची चूक नव्हे. दुआ जरूर करा, पण पुढच्या तपासणीला तिला एकटी पाठवू नका.