शनिवारचं डोकं आणि कुंडीतला गवती चहा

शनिवार. अलार्म नाही, बॉसचा फोन नाही, हिंजवडीचा ट्रॅफिक नाही. आणि तरीही अकराच्या सुमारास कपाळावर ठोके सुरू! आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं हे दर वीकएण्डचं रुटीन होतं. सिनेमाचा प्लॅन कॅन्सल, पडदे बंद, पर्समधली गोळी पोटात. ‘स्ट्रेस असेल गं,’ म्हणून आम्ही सगळ्या ज्ञान पाजळायचो. पण स्ट्रेस असता, तर तो सोमवारी नको होता का यायला?

उत्तर सापडलं ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी. सोमवार ते शुक्रवार मॅडमच्या चार कॉफी, वर टपरीवरचे दोन कटिंग. पहिला कप सकाळी साडेआठला, हातात लॅपटॉप बॅग असतानाच. शनिवारी मात्र उठायचं दहाला आणि कॉफी करायचा कंटाळा. आता गणित बघा. एका कप कॉफीत साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफीन असतं. रोज २०० मिलिग्रॅमच्या वर घ्यायची सवय लागलेल्या शरीराला ते अचानक मिळालं नाही, की शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागू शकतं. शुक्रवार संध्याकाळची शेवटची कॉफी सहाला. शनिवार अकरा म्हणजे बरोबर सतरा तास!

गंमत पुढेच आहे. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांमध्येही कॅफीन असतंच. म्हणजे गोळी घेतली की बरं वाटणारच. पण अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा साध्या पेनकिलर पंधरा दिवस, असं तीन महिने चाललं, की गोळीच डोकं दुखवायला लागू शकते. मैत्रिणीने कॅलेंडर काढून मोजलं. बारा दिवस! तेव्हा कुठे ती डॉक्टरकडे गेली. त्यांनी सांगितलं, गोळ्या मोजून घ्यायच्या, डोकेदुखीची डायरी ठेवायची आणि कॉफी हळूहळू कमी करायची.

कमी करायची ठीक, पण चार वाजता हातात काय धरायचं?

इथे एण्ट्री घेतली आईच्या बाल्कनीतल्या गवती चहाने. रेसिपी अगदी सोपी. दीड कप पाण्यात अर्धा इंच ठेचलेलं आलं आणि गवती चहाची चार-पाच पाती हाताने तोडून टाकायची, पाचेक मिनिटं उकळायचं, झाकण ठेवून मुरू द्यायचं. चहा पावडर नाही, दूध नाही. (पावडर टाकलीत, की तो आपला नेहमीचा आल्याचा चहा झाला. कॅफीनसकट! आणि ग्रीन टी ‘हर्बल’ वाटला तरी त्यातही कॅफीन असतंच.) दर चार-पाच दिवसांनी एका कॉफीच्या जागी हा एक कप. झटक्यात सगळं बंद केलं असतं, तर तिचा प्रत्येक दिवस शनिवार झाला असता.

आता, गवती चहा डोकेदुखी ‘पळवतो’ असं मी म्हणणार नाही. त्याचं काम कॉफीची जागा घेणं. आल्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी. आजी सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लावायची, त्यावर आपण हसलो. इराणमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मायग्रेनच्या १०० पेशंट्सपैकी निम्म्यांना २५० मिलिग्रॅम आल्याची पावडर दिली (म्हणजे सुंठच की!) आणि निम्म्यांना सुमाट्रिप्टान ही नेहमीची गोळी. दोन तासांनी आराम जवळपास सारखाच. पण थांबा! नंतर ब्राझीलमध्ये तीन महिने रोज आल्याच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या, तेव्हा मायग्रेन येणं काही कमी झालं नाही. शिवाय पावडर आणि चहा या दोन वेगळ्या गोष्टी. तेव्हा अटॅकची चाहूल लागल्यावर कपभर आल्याचं पाणी जरूर घ्या. पण तेवढ्यावर डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करू नका.

आणखी एक. काढ्यात आवडीने ज्येष्ठमध घालणाऱ्यांनो, तो रोज जास्त घेतला तर बीपी वाढवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आल्याचा मारा करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि डोकं अचानक, कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, सोबत ताप आणि मान आखडणं, बोलणं अडखळणं, दिसायला त्रास किंवा हात-पाय लुळा पडणं असं काही असेल, तर चहा उकळत बसायचं नाही. थेट हॉस्पिटल!

मैत्रीण सध्या दोन कॉफींवर आहे. सकाळचा कप सोडायला ती तयार नाही, आणि तो शनिवारीही साडेआठलाच घेते, मग परत झोपते. डायरीत गेल्या महिन्यात गोळीचे दिवस तीन. गवती चहाची एक कुंडी आता तिच्या खिडकीतही आहे, आणि परवाच्या शनिवारी आम्ही चक्क मॅटिनी गाठली.