पोचपावती नसलेलं लेखन

नुकत्याच लिहू लागलेल्या माणसाला टीकेचा त्रास फार उशिरा होतो. त्याआधी त्याला छळतो तो शुकशुकाट. मासिकाकडे कविता पाठवली, उत्तर नाही. दिवाळी अंकाला कथा दिली, अंक निघाला, त्यात आपलं नाव नाही आणि नकाराचं पत्रही नाही. ओळखीच्या चार लोकांना लेख वाचायला दिला, तर भेटल्यावर त्यांनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. असं तीन-चारदा झालं की माणूस मनाशी हिशेब मांडतो: कुणी वाचत नाही, म्हणजे यात वाचण्यासारखं काही नसणार. हा हिशेब चुकीचा आहे. मी हे समजूत घालण्यासाठी म्हणत नाही, कारण नव्या लेखकाला समजूत घालणाऱ्यांची कमतरता कधीच नसते. हिशेब चुकतो कसा, हे दाखवायला कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरची तीन गावं पुरेशी आहेत: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. 2011च्या जनगणनेत या तिन्ही शहरांची लोकसंख्या मिळून सव्वानऊ लाखांच्या वर होती. तरीही मराठी साहित्यव्यवहाराचे पत्ते म्हटले की दादर, गिरगाव आणि पुण्यातल्या पेठाच आठवतात. त्यामुळे इथल्या लिहिणाऱ्याला आपण दोनदा दुर्लक्षित आहोत असं वाटतं, एकदा नवखे म्हणून आणि एकदा कल्याणपलीकडचे म्हणून.

आधी उल्हासनगर पाहू, कारण वाचकच नसताना लिहिणं म्हणजे काय असतं, हे या गावाइतकं फार थोड्या गावांनी अनुभवलं असेल. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांना दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरवलं गेलं. तो कल्याण कॅम्प. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे पायाभरणी झाली आणि वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार असंच सांगतो. त्या बराकींत राहून कथा-कविता लिहिणाऱ्यांची अवस्था काय होती? छापखाने, प्रकाशक, मासिकं, ग्रंथालयं सगळं कराची आणि सिंधमधल्या हैदराबादेत राहिलेलं. वाचक अजमेरपासून कोल्हापूरपर्यंत विखुरलेला आणि पोटामागे लागलेला. वर सिंधीच्या लिपीचं भांडण: जुनी अरबी वळणाची लिपी ठेवायची की देवनागरी स्वीकारायची, यावर समाज दुभंगला होता. लेखकाने कोणतीही लिपी निवडली तरी वाचकांचा एक हिस्सा गमावणं अटळ होतं. भाषेला स्वतःचं राज्य नव्हतं, आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा मिळाली ती थेट 10 एप्रिल 1967 रोजी. मुलं मराठी, हिंदी, इंग्रजी शाळांत जात होती. थोडक्यात, पुढच्या पिढीचा वाचक घरातल्या घरातच हातून निसटत होता.

याच कॅम्पातल्या लेखकांपैकी मोहन कल्पना हे ठळक नाव. 1930 साली कोटरीला जन्मलेले कल्पना निर्वासित म्हणून इकडे आले आणि कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले. आत्मकथनाला त्यांनी दिलेलं ‘बुख, इश्क ऐं अदब’ हे नावच त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद सांगून जातं: भूक, प्रेम आणि साहित्य. ‘उहा शाम’ या कादंबरीला 1984चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण तोवर त्यांच्या लेखनाला तीन दशकं उलटून गेली होती. मला यात पुरस्कारापेक्षा त्याआधीचा काळ महत्त्वाचा वाटतो. पन्नासच्या दशकात सिंधी साहित्यात पुरोगामी लेखक आणि त्यांच्या घोषणाबाजीला कंटाळलेले तरुण लेखक यांच्यात वाद पेटला. कल्पना आणि गुनो सामताणी हे या दुसऱ्या बाजूचे. प्रतींचा खप जेमतेम, लेखक एकमेकांच्या ओळखीचे, वाचक बहुतांशी तेच, आणि तरी कथा कशी असावी यावर ही मंडळी हातघाईवर येत होती. म्हणजे बाहेरच्या जगाने यांची दखल घेतली नव्हती, पण यांनी एकमेकांची पुरेपूर घेतली होती. मुंबईत सिंधी साहित मंडळाच्या बैठकांत लेखक नवं लिखाण वाचून दाखवत आणि समोर बसलेले त्यावर तुटून पडत.

आता हिशेबाकडे परत येऊ. 1955 साली कॅम्पातल्या एखाद्या लेखकाने आपल्या पुस्तकाच्या विकलेल्या प्रती मोजल्या असत्या, तर त्या आकड्यातून त्याला काय कळलं असतं? सिंधी समाज कुठेकुठे विखुरलाय ते कळलं असतं, लिपीच्या भांडणाने किती नुकसान केलं तेही कळलं असतं. लोकांच्या खिशात पुस्तकाला पैसे नाहीत, ही बातमी तर आधीच ठाऊक होती. फक्त आपली कथा चांगली की वाईट, एवढंच त्या आकड्यातून कळण्याजोगं नव्हतं. रजिस्टर पत्राची पोचपावती परत आली नाही, तर टपालात घोळ झाला असेल, पत्ता चुकला असेल, माणूस गावाला गेला असेल असं आपण म्हणतो. पत्रातला मजकूर रद्दी होता असा निष्कर्ष कुणी काढत नाही. लेखनाच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत काढतो. आजच्या नवोदिताचा वाचक विखुरण्याची कारणं फाळणीइतकी भीषण नाहीत हे उघड आहे, पण कारणं आहेतच: मासिकं बंद पडली, उरलेल्यांच्या संपादकांकडे ढीग साचतो, आणि सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये उभं राहायलाही जागा नसलेला माणूस तुमची कथा उघडून वाचेल ही अपेक्षाच थोडी निर्दय आहे.

यावर एक जबरदस्त आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तुम्ही ज्यांची नावं घेता ते सगळे शेवटी गाजलेले. न गाजता संपलेले शेकडो लेखक तुमच्या पुराव्यात येणारच कसे? नाव राहिलेलं नाही म्हणून तर तुम्हाला ते सांगता येत नाही. आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच ‘आज नाही तर उद्या दखल घेतली जाईल’ हा दिलासा मी कुणालाही देणार नाही. केशवसुत 1905 साली गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही कवितासंग्रह नव्हता, तो पुढे हरि नारायण आपट्यांनी काढला. बहिणाबाईंची गाणी त्या गेल्यानंतर 1952 साली पुस्तकात आली. ही उदाहरणं नवोदितांच्या मेळाव्यात हटकून दिली जातात आणि त्यांचा अर्थ ‘तुमचंही होईल’ असा लावला जातो. तो लबाडीचा आहे. बहुतेकांचं होत नाही. माझा मुद्दा त्याहून लहान आणि म्हणून जास्त टिकाऊ आहे: सुरुवातीच्या शांततेवरून पुढचं काहीच ठरवता येत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. ज्या पुराव्यातून काही सिद्ध होत नाही त्याच्या जोरावर लिहिणं सोडणं हा अविचार, आणि त्याच जोरावर स्वतःला उपेक्षित प्रतिभावंत समजणं हाही तितकाच. हा दुसरा आजार पहिल्याहून जास्त चिवट असतो, असं माझं निरीक्षण आहे.

मग ठरवायचं कशावरून? इथे उल्हासनगरच्या सिंधी लेखकांकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती बैठकीची. मराठीतही ज्यांची सुरुवात निभावली त्यांच्यामागे बहुतेक वेळा मोठा वाचकवर्ग नव्हता, एखादं छोटं, चिकाटीचं वर्तुळ होतं. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस ‘काव्यरत्नावली’ नावाचं केवळ कवितेला वाहिलेलं मासिक चालवत होते. जळगाव त्या वेळी पुण्या-मुंबईच्या साहित्यिकांच्या नकाशावर जितकं होतं तितकंच आज अंबरनाथ आहे. 1907 साली त्याच जळगावात महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं, आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सतरा वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा तिथे कविता म्हणून ‘बालकवी’ झाला. पुढे पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मित्रांनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित नियतकालिक काढलं. त्याचे वाचक मोजायला बसलं तर निराशाच पदरी पडावी. कोलटकरांची पुस्तकं आली ती 1976-77 साली, म्हणजे वीसेक वर्षांनी. मधल्या काळात त्यांना वाचणारे होते थोडेच, पण ते डोळ्यांत तेल घालून वाचणारे होते. नवोदिताला हजार वाचकांची गरज आहे असं आपण समजतो. त्याला गरज असते पाच-सहा जणांची, ज्यांना कवितेतलं ढिसाळ कडवं खुपतं आणि जे ते तोंडावर सांगतात.

कुणी म्हणेल, हे सगळं उत्तेजन कशासाठी? आधीच लिहिणारे उदंड झालेत आणि वाचणारे आटलेत. थोडे लोक नाउमेद होऊन गप्प बसले तर बिघडलं काय? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि वाईट लेखनाबद्दल मलाही कळवळा नाही. पण दुर्लक्ष ही चाळणी म्हणून अगदीच कुचकामी आहे. तिच्यातून वाईट लेखन गळून पडत नाही. गळून पडतात संकोची माणसं. ज्याची कातडी जाड, ज्याला ओळखी काढता येतात, स्वखर्चाने पुस्तक छापून प्रकाशन समारंभ करण्याइतका ज्याच्याकडे पैसा आहे, तो शांततेला घाबरत नाही. थांबते ती अंबरनाथच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करून वहीत लिहिणारी व्यक्ती, किंवा दुपारी घरकाम आटोपून कथा लिहिणारी बाई, जिला आपण लिहितो हे घरात सांगायचीही चोरी. वाईट लेखन कमी करायचं असेल तर परखड वाचक हवेत. परखड वाचक मिळाले की काही जण समजून-उमजून लिहिणं सोडतील, आणि त्यात काही गैर नाही, कारण तो निर्णय पुराव्यावर घेतलेला असेल.

वाचक उशिरा येण्याची शक्यता धरली तर आणखी एक व्यवहाराची बाब उरते: तो येईल तेव्हा लेखन जागेवर असलं पाहिजे. अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेकडच्या दारात आतल्या बाजूने एक शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणी, ज्याला मांवाणीही म्हणतात, त्याच्या काळात हे देऊळ उभं राहिलं असं तो सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला, पण त्यातला शक 782 असा लागला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो 982, म्हणजे इसवी सन 1060, असा दुरुस्त केला. पहिला जाणकार वाचक आठ शतकांनी आला, दोनशे वर्षांनी चुकला, दुसऱ्याने चूक सुधारली, आणि हे सगळं शक्य झालं कारण कोरणाऱ्याने वर्ष कोरलं होतं. आपल्याकडे हौसेने काढलेल्या कित्येक अनियतकालिकांवर आणि स्मरणिकांवर साल नसतं, गावाचं नाव नसतं, कधीकधी लेखकाचं पूर्ण नावही नसतं. फोनमध्ये लिहून ठेवलेलं तर फोन बदलला की गेलं. म्हणून बदलापूरच्या लेखकाने श्याम जोशी यांनी तिथेच उभं केलेलं ग्रंथसखा वाचनालय एकदा आतून पाहावं. जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं आणि नियतकालिकांचे अंक तिथे जपून ठेवले आहेत, आणि अभ्यासक त्यांच्या शोधात बदलापुरापर्यंत येतात. त्यातले कितीतरी लेखक आपल्या हयातीत कुणाच्या खिजगणतीत नसतील. आज एखाद्या संशोधकाला त्यांच्याच अंकातलं पान हवं असतं, बहुधा लेखकाने स्वतः ज्याला महत्त्व दिलं नव्हतं असं एखादं पान: बाजारभावाचा उल्लेख, एखाद्या साथीचं वर्णन, गावातल्या भांडणाचा वृत्तांत.

त्यावरून विषयाबद्दलही काही सुचतं. कल्याणपलीकडचा म्हणून स्वतःला कमी लेखणारा लेखक बहुधा मध्यवर्ती लेखकांच्या विषयांवर लिहीत असतो, आणि तिथे त्याची गाठ त्या विषयावर आधीच लिहून बसलेल्यांशी पडते. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. बोटी आणि हेलिकॉप्टरची दृश्यं देशभर दिसली. पण त्या रात्री रुळांलगतच्या चामटोलीत कुणाच्या घरात किती पाणी होतं, कुणाची गुरं वाहून गेली आणि सकाळी चहा कुणी केला, हे नीट लिहून ठेवायला बाहेरचा माणूस येणार नाही. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतली शिलाई, वालधुनी नदीचा बदलत गेलेला रंग, बराकीची चाळ आणि चाळीची इमारत होताना घरातली भाषा कशी पालटली, यांतलं फार थोडं मराठीत आलं आहे. अशा लेखनाचेही पहिले वाचक मूठभरच असतील. मात्र ते तपशील ताडून पाहू शकणारे असतील. ‘आमच्या गल्लीत पाणी दहा वाजता नाही, दोन वाजता शिरलं’ असं सांगणारा शेजारी हा कुठल्याही समीक्षकाइतकाच उपयोगी वाचक आहे.

तिन्ही गावांत मिळून अशी एक बैठक सुरू करायला फारसं काही लागत नाही. महिन्यातला एक रविवार, कुणाच्या तरी घरची किंवा वाचनालयातली खोली, आणि पाच-सात माणसं. अध्यक्ष नको, शाल-श्रीफळ नको, सूत्रसंचालन तर मुळीच नको. एकाने वाचावं, बाकीच्यांनी कुठे कंटाळा आला ते सांगावं, आणि वाचलेल्या मजकुराची एक प्रत, तारीख आणि गाव घालून, फायलीत लावून ठेवावी.