लूथरपंथ आणि सुधारणेचा जमाखर्च

धर्माच्या नांवानें जमणारा पैसा कोठें जातो, असें विचारणारास पाखंडी ठरविणें ही सर्व देशांतील जुनी रीत आहे. जर्मनींत मार्टिन लूथर या मठवासी अध्यापकानें सन १५१७ मध्यें हा प्रश्न विचारला, आणि त्यांतूनच पुढें पश्चिमेकडील ख्रिस्ती समाज दुभंगला.

प्रश्न मूळचा व्यवहाराचा असल्यामुळें आमच्या व्यापारी वाचकांस तो सहज उमगेल. आल्ब्रेख्त नामक सरदारपुत्रानें मेंझचें आर्चबिशपपद मिळविण्याकरितां आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून मोठें कर्ज काढलें. तें फिटावें म्हणून पापाच्या शिक्षेंतून सूट देणारीं क्षमापत्रें विकण्याची परवानगी पोपकडून मिळाली. उत्पन्नाचा निम्मा भाग रोममधील संत पीटरच्या मंदिराच्या बांधकामास आणि निम्मा कर्जफेडीस, असा ठराव होता. भाविकांच्या कानीं मात्र मंदिराचीच गोष्ट घातली जाई. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं लूथरनें आपलीं ९५ विधानें याच आल्ब्रेख्ताकडे धाडलीं.

मनुष्य तरतो तो ईश्वराच्या कृपेनें व श्रद्धेनें, पुण्यकर्मांच्या मोलानें नव्हे, हें त्याच्या मताचें सार होय. १५२१ मध्यें वोर्म्स येथें बादशहासमोर आपलें लिखाण मागें घेण्यास त्यानें नकार दिला. पुढें वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून असतां त्यानें ‘नवा करार’ जर्मन भाषेंत आणला. तो १५२२ मध्यें छापला गेला, आणि संपूर्ण बायबल १५३४ मध्यें निघालें. ग्रंथ लोकभाषेंत आला तरी तो वाचणार कोण? हें ओळखून १५२४ मध्यें त्यानें शहरांच्या कारभाऱ्यांस पत्र लिहून मुलांकरितां व मुलींकरितां शाळा काढण्याचा आग्रह धरला. आमच्या मतें या पंथाची खरी थोरवी येथें आहे.

परंतु जमेची बाजू वाचून वही मिटणें हा प्रामाणिकपणा नव्हे. १५२५ मध्यें शेतकरी उठले, तेव्हां त्यांस निर्दयपणें चिरडण्याचा सल्ला लूथरनेंच दिला. १५४३ मध्यें त्यानें यहुद्यांविरुद्ध विषारी पुस्तक लिहिलें. चारशें वर्षांनंतर नाझींनीं त्याचा उपयोग केला. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहानें लूथरपंथास कायदेशीर मान्यता मिळाली खरी, पण राजाचा जो धर्म तोच प्रजेचा, असें ठरलें. रयतेस मतस्वातंत्र्य लाभलें नाहीं. फार तर घरदार विकून दुसऱ्या मुलखांत जाण्याची मोकळीक मिळाली.

तथापि चूक कबूल करणें हीही सुधारणाच होय. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६२ मध्यें क्षमापत्रांवर द्रव्य गोळा करणाऱ्यांचें पद रद्द केलें. अमेरिकेंतील मोठ्या लूथरपंथी संस्थेनें १९९४ मध्यें आपल्या मूळ पुरुषाच्या यहुदीद्वेषाचा उघड धिक्कार केला. ज्या मुक्तीच्या तत्त्वावरून तंटा माजला, त्यावर रोम व लूथरपंथी यांनीं १९९९ मध्यें संयुक्त निवेदन काढलें. आणि २०१६ मध्यें स्वीडनमधील लुंड येथें पोप फ्रान्सिस लूथरपंथीयांसह प्रार्थनेस उभे राहिले.

हा इतिहास आम्हांस अगदींच परका नाहीं. १७०६ मध्यें तरंगंबाडीस उतरलेल्या त्सीगनबाल्ग या लूथरपंथी पाद्र्यानें तामिळ भाषेंत ‘नवा करार’ छापविला. न्यायमूर्ति रानडे यांनीं तर महाराष्ट्रांतील संतांच्या कार्याची तुलना युरोपांतील धर्मसुधारणेशीं केली होती. तुलना करावयाची तर ती पुरती करावी. देवस्थानाच्या पेटींत पैसा टाकणारानें हिशेब मागावा, आणि हिशेब मागण्यास शिकविणाऱ्या सुधारकाचाही हिशेब तपासावा. जो पंथ आपली खर्चाची बाजू झांकून ठेवतो, त्याचें दिवाळें आज ना उद्यां निघतेंच.